भाचीचा डावा हात आणि मी

मी एक जुनी कात्री आहे. लांबूनच बघा, हात लावू नका. आपली कहाणी सांगताना ‘मित्रांनो’ म्हणायची पद्धत आहे म्हणून मीही तुम्हाला मित्रांनो म्हणते, पण उगाच सलगी नको. तुम्ही लोक कात्रीचं काय करता ते मला चांगलं ठाऊक आहे. तिने दुधाच्या पिशव्या कापता, खोक्यांच्या पट्ट्या कापता, डब्याचं झाकण निघत नसलं की तिचं टोक घालून उचकटता, आणि मग चारचौघांत म्हणता, हिला मेलीला धारच नाही.

मी त्यातली नव्हे. मी कापणीची कात्री आहे, शिवणाच्या कारखान्यातली. चांगली दीड वीत लांब. वजन एवढं, की नवखा माणूस मला एका हाताने उचलायला गेला की त्याचा दुसरा हात आपोआप मदतीला येतो. माझ्या मुठी वरच्या बाजूला वळलेल्या आहेत. त्यामुळे खालचं पातं टेबलावर सपाट टेकून कापडाखालून सरकत जातं आणि कापड जागचं हलत नाही. लहान मूठ अंगठ्यासाठी आणि मोठी मूठ चार बोटांसाठी.

ज्या लोहाराने मला घडवलं तो महा तापट माणूस होता. भट्टीला शिव्या देई, हातोड्याला शिव्या देई, गिऱ्हाईक दारात आलं तर त्यालाही देई. माझा स्वभाव त्याच्यावर गेला आहे. त्याने माझी दोन पाती अशी बसवली की मिटताना ती एकमेकांना घासत जावीत आणि मधे केसाएवढीही फट राहू नये. मग त्याने मला आपल्या उजव्या हातात धरलं, एक चिंधी कापून पाहिली आणि काही न बोलता बाजूला ठेवलं. त्याच्याकडून कौतुक व्हायचं ते एवढंच.

तिथून मी मास्तरांकडे आले. मास्तर म्हणजे कारखान्याचे कापणीमास्तर. लांबलचक खोली, भिंतीला लागून शिवणयंत्रांची रांग, खिडकीपाशी इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यात मालकीणबाईंची काचेची खोली, आणि या सगळ्याच्या मधोमध कापणीचं टेबल. त्या टेबलावर कापड पसरलं की शिवणारे, इस्त्री करणारे, काजं करणारे सगळे जण तिकडे बघत, कारण कापणी चुकली तर पुढच्या सगळ्यांच्या कामावर पाणी पडणार. शिवण उसवता येते. कापलेलं कापड पुन्हा जोडता येत नाही.

मास्तरांचे आणि माझे दिवस फार चांगले गेले. हे मी कबूल करते, तेवढी मी कृतघ्न नाही. त्यांच्या उजव्या हातात मी बसले की कर्र कर्र असा एकसारखा आवाज होई आणि कापड दोन्हीकडे शहाण्यासारखं बाजूला होई. मला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. माझ्याने कागद कापायची तर बंदीच होती, कारण कागदाने धार मरते. एकदा काजवाल्या बाईने माझ्याने वर्तमानपत्र कापलं, तेव्हा मास्तरांनी तिचा असा पाणउतारा केला की ती पुढे कित्येक दिवस टेबलाला वळसा घालून जात असे. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आता भाचीकडे येते. येणं भागच आहे.

भाची म्हणजे मास्तरांच्या बहिणीची मुलगी. वडील लहानपणीच गेले, तेव्हा मायलेकी मास्तरांकडे राहायला आल्या. पोर दिवसभर कापणीच्या टेबलाखाली बसून चिंध्या गोळा करायची आणि वर मान करून विचारायची, “मामा, हे टेबल मला कधी मिळणार?” मास्तर हसून म्हणायचे, “आधी टेबलाएवढी हो.” ती मोठी झाली, शिवणयंत्रावर बसली, संसाराला लागली, आता तर केसही पांढरे झालेत, तरी कारखान्यात तिला सगळे भाचीच म्हणतात. पण टेबलाचा हट्ट काही तिने सोडला नाही. शिवता शिवता तिचं अर्धं लक्ष माझ्याकडे असे, आणि मला ते तेव्हाही आवडत नसे.

मास्तरांची नजर अधू झाली आणि त्यांनी काम सोडायचं ठरवलं. आमच्या कारखान्यात एक रीत आहे. जुना मास्तर आपली कात्री टेबलावर ठेवतो आणि नवा ती उचलतो. ज्याने कात्री उचलली त्याचं टेबल. कागद नाही, सही नाही, काही नाही. त्या दिवशी सगळी यंत्रं थांबली. मास्तरांनी मला टेबलावर ठेवलं. भाची पुढे आली आणि तिने मला उचलायला हात पुढे केला. डावा.

“उजव्या हाताने घे,” मास्तर म्हणाले.

तिने उजव्या हाताने घेतलं. मामांच्या पाया पडली, घळाघळा रडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कापड पसरलं, आणि भाचीबाईंनी मला सरळ डाव्या हातात घेतलं.

मित्रांनो, मी उजव्या हाताची आहे. माझ्या मुठींचा उतार उजव्या अंगठ्यासाठी आहे. उजव्या हाताची दाबण्याची रीतच अशी, की मिटताना पाती एकमेकांकडे ओढली जातात. डाव्या हातात बरोबर उलटं होतं. तो हात पाती एकमेकांपासून लांब ढकलतो. मग कापड कापलं न जाता मधल्या फटीत दुमडून बसतं आणि मी चावल्यासारखी दिसते. शिवाय माझं वरचं पातं तिच्या डोळ्यांच्या आणि खडूच्या रेघेच्या बरोबर मधे येई. रेघ दिसावी म्हणून ती मान वाकडी करून, अंग टेबलावर टाकून कापत असे. माझ्या मुठीची कड तिच्या अंगठ्याच्या मुळाशी रुतायची. आधी फोड आले, मग ते फुटले, मग तिथे घट्टा पडला. मी काय करणार? मला लोहाराने जसं केलं तशी मी आहे. मी कशाला बदलू?

तिने मास्तरांना सांगून पाहिलं नाही असं नाही. “मामा, मला ही जमत नाही हो. हात दुखतो.” मास्तर म्हणाले, “हाताला वळण लाव. उजव्याने काप.” तिने उजव्यानेही करून पाहिलं. पण तो हात तिचा कधी कामाचा नव्हताच, रेघ सोडून भलतीकडेच पळायचा. पुन्हा डावा. “डाव्याने कापतेस म्हणून दुखतो,” मास्तर म्हणाले, आणि विषय संपला. कारखान्यात बाकी सगळे उजवे. कात्रीलाही हात असतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. भाचीच्याही नाही. तिला वाटे, आपल्यातच काहीतरी खोट आहे.

मग तिचं तोंड सुरू झालं. पूर्वी ही बाई यंत्रावर बसून हसायची, बोलायची, शेजारणीच्या चुका गुपचूप उसवून द्यायची. टेबलावर आली आणि नाकावर राग घेऊनच वावरायला लागली. कापड कमी आलं की ओरड, जास्त आलं की ओरड. काजवाली काही विचारायला आली तर, “मला डोळे नाहीत का? दिसतंय मला!” खिडकीपाशी आमचा इस्त्रीवाला उभा असे. त्याची जीभ त्याच्या इस्त्रीपेक्षा गरम. तो म्हणायचा, “भाची, आज कुणाला कापायचं ठरवलंयस? कापड तर कापलं जात नाहीये तुझ्याने.” ती चिंध्यांचा गोळा त्याच्या अंगावर फेकायची. तो तो गोळा झेलून त्याच्यावरही इस्त्री फिरवायचा आणि घडी करून परत आणून द्यायचा, म्हणजे तिचं डोकं आणखी फिरायचं.

मला विचाराल तर मला मजा वाटत होती. तिने मला टेबलावर आपटलं की मी पुढच्या वेळी कापड अजून घट्ट चावायचे. ती मला ‘सटवी’ म्हणायची. मी तिला काय म्हणायचे ते इथे सांगण्यासारखं नाही. अशी आमची वर्षं गेली. दोघींनीही माघार घेतली नाही.

पण कापणीच्या कडा खराब व्हायला लागल्या होत्या. शिवणाऱ्या कुरकुरायला लागल्या, की दोन बाह्या सारख्या नसतात, कड दातेरी येते. गिऱ्हाइकंही तिच्या तोंडाला वैतागली. मालकीणबाईंनी एकदा तिला काचेच्या खोलीत बोलावलं. दार उघडं होतं, सगळं ऐकू आलं.

“तुला काम आवडत नाही का गं?”

“आवडतं.”

“तोंडावरून तर वाटत नाही. सकाळी येतेस तेव्हापासून कपाळावर आठ्या. मास्तरांकडे बघून मी इतके दिवस गप्प बसले. आता एक तर तू सुधार, नाहीतर काजबटणाला बस. टेबलासाठी मी दुसरा माणूस बघते.”

भाची बाहेर आली ती पांढरीफटक पडून. काजबटणाचं काम वाईट नाही हो, पण ज्या टेबलाखाली ती लहानाची मोठी झाली ते टेबल तिच्याकडून काढून घेणार होते. आणि का, तर तिला ते आवडत नाही म्हणून! घरी जाताना ती काजवालीला म्हणाली, “खरंच आवडत नसेल का गं मला? रोज सकाळी दाराशी येऊन मागे फिरावंसं वाटतं. सगळा जन्म जे मागितलं ते मिळालं आणि आता नकोसं झालंय. माझंच डोकं फिरलंय बहुतेक.” मी तिच्या पिशवीत होते, धार लावायला निघाले होते. मला वाटलं, फिरलंय तर फिरलंय. बरं झालं.

मालकीणबाईंनी मग कुठूनसे एक गृहस्थ आणले. कामात समाधान कसं मिळवावं हे ते शिकवत असत. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. सगळ्यांना स्टुलांवर बसवून ते म्हणाले की समाधान बाहेर नसतं, आत असतं. काम सुरू करण्याआधी डोळे मिटावेत, खोल श्वास घ्यावा, आणि मनात म्हणावं, मला माझं काम आवडतं. तक्रार तोंडात आली की तिच्या जागी हसू आणावं. इस्त्रीवाल्याने विचारलं, “इस्त्री पायावर पडली तरी हसायचं का साहेब?” ते म्हणाले, “प्रयत्न करा.” शेवटी त्यांनी प्रत्येकाला सांगितलं की कामावर ज्या दिवशी अगदी मनापासून बरं वाटलं असा एखादा दिवस आठवा. काजवालीला तीन आठवले. इस्त्रीवाल्याला वीज गेलेला दिवस आठवला. भाचीला टेबलावरचा एकही आठवेना. ती खाली मान घालून बसली.

तरी तिने मनापासून करून पाहिलं, हे मान्य करायला हवं. रोज सकाळी मला उचलण्याआधी डोळे मिटायची, छाती भरून श्वास घ्यायची, ओठ ताणून हसायची आणि मग कापायला लागायची. तिसऱ्या कापालाच मी कापड फटीत घेत असे. ते हसू तसंच ओठांवर ठेवून ती दातांतल्या दातांत मला शिव्या द्यायची. इस्त्रीवाला म्हणाला, “भाची, तू पूर्वीसारखी रागावत जा बाई. अशी हसतेस ते बघून मला रात्रीची भीती वाटते.”

आणि मग माझा स्क्रू गेला. इतकी वर्षं पाती उलट्या बाजूला ढकलली जात होती, त्याने तो झिजला होता. एका सकाळी कट्टकन आवाज झाला आणि माझी दोन पाती वेगळी झाली. भाचीने मला उचलून टेबलाच्या खणात टाकलं, दोन तुकडे, चिंध्यांच्या वर. नवा स्क्रू यायला तीन-चार दिवस लागणार होते. मालकीणबाईंनी सांगितलं, तोवर कापणी बंद, फक्त मापं आणि खुणा उरकून ठेव.

खणाला फट होती, तिच्यातून मला ऐकू येत होतं. आधी कापड झटकल्याचा आवाज. मग पट्टी ठेवल्याचा. मग खडूचा, सर्र सर्र, न थांबता. खडू ती डाव्या हातातच धरायची आणि खडूला त्याचं काही सोयरसुतक नसतं. दुपारपर्यंत तिने ढीगभर कापड आखून टाकलं. काजवाली काही विचारायला आली तर तिला नीट बसवून समजावलं. आणि मग मला एक आवाज आला, जो मी तिच्या तोंडून त्या टेबलावर कधी ऐकला नव्हता. ती गुणगुणत होती. बेसूर होती, पण गुणगुणत होती.

“कुणाला लॉटरी लागली?” इस्त्रीवाला ओरडला. “भाची गातेय! पळा रे, छप्पर पडेल!”

“गप रे,” भाची म्हणाली. पण ते ‘गप रे’ नुसतं बोलायचं म्हणून होतं. मग ती एकदम थांबली. “मी गात होते?”

“सकाळपासून. मी कानात बोळे घातलेत, बघ.”

खडू थांबला. तेच टेबल, तेच कापड, तोच इस्त्रीवाला, काचेच्या खोलीत त्याच मालकीणबाई. मग आज काय वेगळं आहे, हे ती शोधत असणार. मला तेव्हाच धडकी भरली, कारण वेगळं काय होतं ते मला माहीत होतं. मी खणात होते.

तिसऱ्या दिवशी ती कोटाच्या बाह्या आखत होती. बाहीचा पुठ्ठ्याचा खाका एकच असतो. उजवी बाही आखून झाली की तो खाका उलटा करून ठेवायचा आणि त्याच्यावरून डावी आखायची. सरळच ठेवला तर दोन्ही बाह्या उजव्या होतात आणि कोट वाया जातो. हे शिवणकामातलं पोरसोरही जाणतं. भाचीने खाका उचलला, उलटा केला, आणि तो हातात तसाच धरून उभी राहिली. मग तिने खण ओढला. माझी दोन पाती बाहेर काढली, टेबलावर त्या खाक्याशेजारी ठेवली आणि बघत राहिली.

“डाव्या बाहीला खाका उलटा करतो,” ती हळूच म्हणाली. “मग डाव्या हाताला कात्री का नाही रे उलटी करत?”

“कुणाला विचारतेस?” इस्त्रीवाल्याने मान वर केली.

“कुणालाच नाही.” तिचा आवाज चढला. “मला काम आवडतं रे! मला हे सगळं आवडतं. ही आवडत नाही. ही सटवी!” आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी ती मला घेऊन कात्र्यांच्या दुकानात गेली. दुकानदाराने माझा स्क्रू बसवला. तिने विचारलं, “हीच कात्री, पण उलटी, अशी मिळते का?” तो आधी हसला. मग तिचा हात बघून म्हणाला, “डाव्या हाताची म्हणा की. मिळते. कुणी मागत नाही म्हणून मी ठेवत नाही. मागवावी लागेल.” भाचीने काउंटरचा आधार घेतला. तिला रडायला येत होतं की हसायला, ते मला कळलं नाही. मला मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती, म्हणजे पाय असते तर गेली असती. अशी कात्री असते? माझी उलटी? आणि ती कात्रीच म्हणवून घेते?

काही दिवसांनी ती आली. नवी कोरी, चकचकीत. आरशात माझं रूप दिसावं तशी, फक्त तरुण. तिचा मला जो काही संताप आला तो सांगायला शब्द नाहीत. भाचीने त्या नव्या कात्रीने एक चिंधी कापून पाहिली, मग अजून एक, मग कुणाचं लक्ष नाहीसं बघून टेबलावर डोकं टेकून क्षणभर बसून राहिली.

पण लपवणार कसं? कारखान्यात बोभाटा झाला. भाची मास्तरांची कात्री टाकते आहे! मालकीणबाईंनी मास्तरांना बोलावणं पाठवलं. मास्तर काठी टेकत आले. सगळी यंत्रं पुन्हा एकदा थांबली. त्यांनी मला टेबलाच्या कडेला पडलेली पाहिलं, त्या नव्या भवानीला मधोमध पाहिलं, आणि काठी जमिनीवर आपटली.

“आपली रीत ठाऊक आहे ना तुला?” ते म्हणाले. “कात्री खाली ठेवलीस म्हणजे टेबल सोडलंस. तुझ्या आईला आणि तुला मी कधी काही कमी केलं? माझ्या हातातली वस्तू तुला दिली. ती टाकून तू दुकानातलं खेळणं आणतेस?”

“मामा, टेबल मी सोडणार नाही. कात्री सोडतेय.”

“दोन्ही एकच आहे.”

“नाही मामा. मलाही इतकी वर्षं तसंच वाटत होतं.” “बघा तरी एकदा.”

टेबलावर कोटाचं जाड लोकरी कापड पसरलेलं होतं, गिऱ्हाइकाने जपून आणलेलं, कमी पडलं तर पुन्हा मिळणार नाही असं. मालकीणबाई “अगं, त्याच्यावर नको” म्हणेपर्यंत भाचीने कापायला घेतलं. मान सरळ. डोळे रेघेवर. कर्र कर्र कर्र, एकसारखं. मित्रांनो, तो आवाज मी ओळखते. तो माझा आवाज होता, मास्तरांच्या हातातला. मला तो त्या दुसरीच्या तोंडून ऐकावा लागला. बाही सुटी होऊन बाजूला पडली आणि तिची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

मास्तरांनी कड बोटाने चाचपली. त्यांची नजर अधू असली तरी बोटं खोटं बोलत नाहीत. पण ते हट्टाला पेटले होते. “कात्री नवी आहे म्हणून कापते आहे,” ते म्हणाले. “त्यात काय मोठंसं? आण इकडे.” आणि त्यांनी ती नवी कात्री आपल्या उजव्या हातात घेतली.

भाचीने कोटाचं कापड ओढून घेतलं आणि त्यांच्यासमोर खडूची रेघ असलेली एक चिंधी ठेवली. मास्तरांनी पहिला काप घेतला. कापड फटीत दुमडून बसलं. त्यांनी पुन्हा घेतला. पुन्हा तेच. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं, कारण रेघ पात्याआड गेली होती. अंग टेबलावर टाकलं, जोर लावला, आणि चिंधी कापली न जाता चघळल्यासारखी झाली. जन्मभर ज्या माणसाच्या हातून वाकडा काप गेला नाही, त्याला सगळ्या कारखान्यासमोर वीतभर चिंधी कापता येईना. कुणी हसलं नाही. इस्त्रीवालाही नाही.

“भिकार आहे ही कात्री!” मास्तर ओरडले. अंगठ्याच्या मुळाशी कड रुतली होती, तिथे ते दुसऱ्या हाताने चोळत होते. चोळता चोळता त्यांचा हात थांबला. त्यांनी भाचीकडे पाहिलं. मग तिचा डावा हात ओढून घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी बोट फिरवलं. तिथे तो घट्टा होता, बटणाएवढा, दगडासारखा.

“हे असं?” ते म्हणाले. “रोज हे असं कापत होतीस तू?”

भाचीने मान हलवली. मालकीणबाई काचेच्या खोलीच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

“बोलायचंस ना गं.”

“बोलले होते मामा. तुम्ही म्हणालात, हाताला वळण लाव.”

मास्तर स्टुलावर बसले. तिचा हात त्यांनी सोडला नव्हता. “मला लाज वाटते गं,” ते म्हणाले.

“मला तुमचा राग येतोय मामा. अजून येतोय. आणि बराच वेळ येणार आहे.”

“येऊ दे,” मास्तर म्हणाले. “हक्काचा आहे तुझा.” मग मालकीणबाईंकडे वळून म्हणाले, “दुसरा माणूस बघू नका. टेबल हिचं आहे. कात्री हिच्या हाताची असेल तीच.” भाचीचे डोळे भरून आले आणि ते लपवायला ती इस्त्रीवाल्यावर खेकसली, “तुझी इस्त्री जळतेय बघ, वास येतोय!” खरंच जळत होती.

आता तुम्हाला वाटेल की भाची गोड झाली असेल. छे! तोंड तेच आहे. पण आता ती उजेडासाठी भांडते, जाड कापडाला जास्त वेळ द्या म्हणून भांडते, शिवणाऱ्यांच्या बाजूने मालकीणबाईंशी भांडते, आणि भांडून झालं की कापायला बसते आणि बेसूर गुणगुणते. सकाळी सगळ्यांच्या आधी येते. ते समाधानवाले गृहस्थ पुन्हा आले होते. हिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, बघा, श्वासाचा परिणाम! इस्त्रीवाल्याला इतका ठसका लागला की त्याला पाणी द्यावं लागलं.

मी खिळ्याला टांगलेली आहे, इस्त्रीच्या टेबलामागे. वाफ अंगावर येते. मी काही खराब झालेली नाही. माझी पाती आजही कुणाच्याही उजव्या हातात लोण्यासारखी चालतील, पण इथे कापायला उजवा हातच राहिलेला नाही. मला भाची आवडत नव्हती आणि आजही आवडत नाही. ती सुखी झाली ती मला बाजूला ठेवून झाली. हे मला कळतं, आणि कळतं म्हणून जास्त झोंबतं.

तर मित्रांनो, शेवटी काहीतरी विनंती करायची असते. मी ताकीद देते. कामावर तुमचं डोकं फिरत असेल तर डोळे मिटून बसू नका. डोळे उघडा आणि हातात काय दिलंय ते बघा. आणि दुसऱ्याचं डोकं फिरत असेल तर त्याला हसायला शिकवण्याआधी त्याच्या हातातली वस्तू एकदा आपल्या हातात घेऊन बघा. मास्तरांनी शेवटी घेतली, पण तोवर त्या पोरीचे केस पांढरे झाले होते. आणि हो, माझ्या नव्या स्क्रूवर गंज चढायला लागलाय. येता जाता कुणीतरी तेलाचा एक थेंब सोडा रे. भाची म्हणाली होती, देते. पण तिच्याकडे मागायला मी मेले तरी जाणार नाही.